सुभेदार मेडिकलला बसले

...बहात्तर! आवं, बहात्तर! तुमास्नी सांगतो, मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला, तरी बी बहात्तरच! आमची वाडी ती केवढी, कुंडलच्या पलीकडं ओढा वलांडला की चालू व्हती आन उसाचे चार फड संपले की संपती, आन त्या वाडीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिवलंय काय, तर गावातले दिव्यांग, एकूण बहात्तर. सात-आठ वर्सांखाली त्याच फळ्यावर एकोनीस हुती. एकोनीसावरनं बहात्तर! मधी काय वाडीत लढाई झाली? बाँब पडला? मी तीस वर्सं तोफखान्यात काढली, कारगिलच्या टायमाला वर हुतो, आमच्या अख्ख्या बॅटरीत, म्हंजे तोफांच्या तुकडीत, एवढी मानसं जायबंदी झाली न्हवती, आन हितं घरात बसून, चहा पिऊन, टीव्हीवरच्या सासवासुना बघून त्रेपन्न मानसं वाढली? कशी वाढली? कोन वाढवतंय? हाय का न्हाई इचारन्यासारखी गोष्ट?

आता मी कोन इचारनारा, तर सुभेदार लालासाहेब पवार, रिटायर, वय एकसष्ट. पोट न्हाई, बीपी न्हाई, साखर फकस्त चहात. सकाळी पाचला उठून भरतीच्या पोरांच्या म्होरं पळतो, माझ्या हाताखालनं आजवर तेवीस पोरं फौजेत गेली, आन मेडिकलला आपन आयुष्यात कवा नापास न्हाई. हे मी अभिमानानं सांगत हुतो बरं का. अगदी परवा-परवापतुर सांगत हुतो. आता जरा आवाज खाली घेऊन सांगतो.

तर गेल्या पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. मी कोट घातला, मेडलं लावली, आन झेंडावंदनाचा पेढा अजून तोंडात हाय तवरच हुभा ऱ्हायलो. माझा आवाज म्हंजे तुमास्नी म्हायती हाय, तोफंच्या शेजारी तीस वर्सं बोलल्याला मानूस हळू कसा बोलंल? मी म्हनलो, ह्या बहात्तरांतली निम्मी बोगस हायती, एसटीच्या सवलतीसाठी आन महिन्याच्या पेन्शनीसाठी लंगडत्यात, सगळ्यांची माझ्यासमोर मेडिकल घ्या, एका दिसात आकडा एकोनीसावर आनतो. टाळ्या पडल्या. पडल्या म्हंजे, हात हलताना दिसले.

आमचा ग्रामसेवक जयराज, वयानं तरना, सभावानं गरीब, त्यो उठला आन काय-काय सांगायला लागला. लय सांगितलं बिचाऱ्यानं. मी मधनंमधनं मान हलवत हुतो. आता खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं न्हवतं. पन जिथं ऐकू येत न्हाई तिथं मान हलवायची, ही आपली जुनी रीत. लग्नात, मयताला, बँकेत, डाकघरात, सगळीकडं नुसती मान. एकदा असंच मान हलवून मी पाव्हन्याला म्हस इकून बसलो हुतो, ती अंजनानं, म्हंजे आमच्या मंडळीनं, भांडून माघारी आनली.

शेवटाला जयराज फळ्यापासनं माझ्या म्होरं आला, तवा त्याचं त्वांड नीट दिसलं आन मला कळलं. त्यो म्हनत हुता, पयल्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार हुते, आता एकवीस हायेत. पयलं दाखला काढायचा तर ठरल्या वारी सांगलीला जायचं, लाईन लावायची, डॉक्टर न्हाई म्हनून माघारी यायचं, तीन-तीन रोज बुडवायचं, आता अर्ज मोबाईलवरनं हुतोय. आन पयलं लोक पोरीची लग्नं मोडत्याल म्हनून घरातलं आजारपन माळ्यावर टाकून ठेवत हुती. मग म्हनला, “सुभेदार, मानसं वाढली न्हाईत. लपल्याली भायेर आली.”

ह्यावर गप बसावं का न्हाई शान्या मानसानं? पन मला यादी पायजे हुती. मी यादी हातात घेतली आन अगदी शेवटचं, बहात्तरावं नाव मोठ्यानं वाचलं. ज्ञानू! आमचा ज्ञानू टेलर! माझ्या वर्गातला, माझ्या बाकावरचा, आन नावाम्होरं लिवलंय डोळ्याचा दोष! मी म्हनलो, ह्यो बगा बोगसपना, ज्यो मानूस माझी प्यांट शिवतोय त्याच्या डोळ्याला काय झालंय?

ज्ञानू दुसऱ्या रांगेत बसला हुता. त्यो उठला, माझ्याकडं बगून बोलला, आन त्यो इतक्या जवळ हुता की मला सगळं ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. त्यो म्हनला, “लाला, तुजी प्यांट मी बोटांनी शिवतो. गेली चार वर्सं.”

ज्ञानू खाली बसला. मी बी बसलो. पेढा तोंडात तसाच.

कारन तुमास्नी सांगतो, ह्या ज्ञानूचं आन माझं एक जुनं हाय. आमी दोघं एकाच दिशी, एकाच ट्रकात, कोल्हापूरला भरतीला गेल्तो. माझं वजन दीड किलो कमी. मग मी काय केलं? चौदा केळी खाल्ली आन वर दोन तांबे पानी. काट्यावर हुभा ऱ्हायलो तवा केळं हितं आलतं, हितं, गळ्यापाशी, डॉक्टरनं नाव इचारलं तर मी नुसतं “सर” म्हनलो, पुढचं बोललो असतो तर केळंच भायेर आलं असतं. छाती फुगत न्हवती, तर महिनाभर ओढ्यात श्वास धरून बसलो आन पाच सेंटिमीटर फुगवली. डोळ्याचा तक्ता आदल्या दिशी पास झाल्याल्या पोराकडनं लिवून आनून पाठ केला, वरनं खाली, खालनं वर. ज्ञानूला बी मीच पाठ करायला लावला. त्याचे डोळे तवाच अधू हुते ओ! पन माझा नंबर सकाळी लागला, त्याचा दुपारी, आन दुपारी तक्ता बदलला. ज्ञानूनं बदलल्याल्या तक्त्यापुढं हुभा ऱ्हाऊन जुना तक्ता म्हनून दाखवला, एकबी अक्षर न चुकता. त्याला भायेर काढला आन मी ट्रकमधी त्याला येडा म्हनून हसलो. त्यो गावात शिलाई मशीनवर बसला, मी फौजेत गेलो, का तर मेडिकलला आपन कवा नापास न्हाई.

आन फौजेत तरी काय येगळं? तोफ उडती तवा कानात दीस-दीस शिट्टी वाजती. कापूस घालायचा तर बाकीचे हसनार. दर वर्साला कानाची मेडिकल. ती कशी, तर आपन भिंतीकडं त्वांड करून हुभं ऱ्हायचं, डॉक्टरसाहेब मागं वीस फुटांवरनं कुजबुजत आकडा बोलनार, आन आपन त्यो परत म्हनायचा. मला काय ऐकू येनार? पन जतचा गुंडा नावाचा एकजन हुता ना, माझा जोडीदार, निम्मं कानडी बोलायचा. त्यो लाईनीत माझ्या बाजूला हुभा ऱ्हायचा आन आकडा बोटांनी मांडीवर दाखवायचा. छप्पन्न! पास. एकोनसत्तर! पास. गुंड्याच्या टर्नला मी दाखवायचो, पन मला ऐकू आल्याला आकडा निराळाच, म्हनून गुंडा नापास झाला. त्याची मेडिकलची कॅटेगरी खाली गेली, बढती अडकली, आन रिटायर हुताना त्यानं बोर्डापुढं सगळं खरं सांगून कानाची डिसॅबिलिटी पेन्शन घेतली. मला इचारलं, “कोई तकलीफ?” मी छाती काढून म्हनलो, “नहीं साहब, बिलकुल फिट!” आन वर गुंड्याला टोमना मारला, की गड्या, कान इकून खातोस व्हय रं. त्यो काय तरी म्हनला. मला ऐकू आलं न्हाई.

तर असा मी. मेडिकलला कवा नापास न्हाई, आन घरात कुनी मारल्याली हाक कवा ऐकल्याली न्हाई.

आता जे सांगतो ते हसत-हसत सांगता येत न्हाई, तरी सांगतो. ग्रामसभेनंतर पंधरा दिसांनी गणपतीला माझी लेक प्रियदर्शनी पुन्यासनं आली, तिची सात वर्सांची संयोगिता बरोबर. मायलेकी, म्हंजे अंजना आन प्रियदर्शनी, पलूसला बाजाराला गेल्या, आन मला बजावून गेल्या की पोरीकडं ध्यान ठेवा. एका पोरीकडं ध्यान ठेवायचं! ज्या मानसानं रातभर बर्फात संत्रीचा पहारा केला त्याला हे सांगायचं? मी कट्ट्यावर पेपर घेऊन बसलो, दाराकडं पाठ करून. पोर खेळत-खेळत धान्याच्या खोलीत शिरली, दार आपटलं, आन भायली कडी आपोआप पडली. त्या खोलीला खिडकी न्हाई. पोरगी आतनं आजोबा, आजोबा म्हनून वरडत हुती, दार बडवत हुती, आन मी सहा फुटांवर बसून उसाच्या दराची बातमी वाचत हुतो. तासभर! अंजना आली, तिनं कडी काढली. पोर घामानं भिजल्याली, आवाज बसल्याला, हाताच्या मुठी लाल. मी पेपर घडी करून इचारलं, झाला का बाजार?

तवा ती पोर आईच्या मांडीत त्वांड खुपसून काय तरी बोलली. ते बी मला ऐकू आलं न्हाई बगा. प्रियदर्शनीनं माझ्या कानापाशी येऊन मोठ्यानं सांगितलं, “पप्पा, ती विचारतेय, आजोबा माझ्यावर रागावलेत का. मी इतक्या हाका मारल्या, ते वळले पण नाहीत.”

मी रागावलो? त्या पोरीवर? जिच्यासाठी मी साठाव्या वर्षी घोडा हुतो? तुमास्नी सांगतो, छातीत असं काय तरी झालं, की केळ्यांनी बी झालं न्हवतं. प्रियदर्शनी दुसऱ्या दिशी पुन्याला गेली आन जाताना सरळ सांगून गेली, की पप्पा, कान दाखवा, मशीन बसवा, दाखला काढा, तवर मी पोरीला हितं ठेवनार न्हाई. दिवाळीला बी न्हाई. मी मान हलवली. ह्या वेळंला ऐकून हलवली.

मग काय, अर्ज केला. कुनी करून दिला? जयराजनंच. मोबाईलवर त्यानं इचारलं, प्रकार कंचा? एकवीस प्रकारांची यादी वर-खाली सरकत हुती आन मी त्यात माझा प्रकार हुडकत हुतो. हॉटेलात मेनूकार्ड बघावं तसं! ज्यानं यादी फाडायची त्यानंच यादीत बसायचं, आन वर त्या पोरानं एका शब्दानं मला टोचलं न्हाई. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

तारीख आली. एसटीनं सांगलीला निगालो. अंजनाला बाई म्हनून हाफ तिकीट, मी फुल. वाटंत तिनं मला देवाची शपथ घ्यायला लावली, की आवाज आला तर हात वर करायचा, न्हाई आला तर हात खाली. एवढंच. ह्यात अवघड काय? चौथीतलं पोर करंल.

दवाखान्यात लाईन! आता त्या लाईनीत हुभा ऱ्हायल्यावर माझे डोळे बी जुन्या सवयीनं बोगस हुडकायला लागले. म्होरं एक पोरगा, विशीतला, गोरापान, हातीपायी धड. मी मनात म्हनलो, ह्यो बगा, ह्याला काय झालंय? तर त्याची आई सांगत हुती, पंधरा दिसाला रक्त भरावं लागतंय, जल्मापासनं. मी मान खाली घातली. मागं एक म्हातारी बसली हुती, गुडघ्यावर हात ठेवून, बनुबाई नाव, जत तालुक्यातनं पहाटंची निगाल्याली. ती माझ्याकडं खालनं वरपतुर बगत हुती. दंड बगितला, मिशा बगितल्या, बूट बगितले, आन मग जवळ येऊन इचारलं, “तुला रं काय झालंय धडधाकटाला?” आली का पंचाईत! मी तिला काय सांगू, की बाई, हाच प्रश्न मी भरसभेत मेडलं लावून इचारला हुता? मी आपला कानाकडं बोट दाखवलं. तिला पटलं न्हाई. तिनं त्वांड फिरवलं.

नंबर आला. आत शरयू मॅडम, वाईच्या, तिशीच्या, लय गोड बोलनाऱ्या. मला काचंच्या एका पेटीत बसवलं, कानावर हेडफोन घातले, आन समोर येऊन समजावून सांगितलं, की काका, बारीक आवाज येईल, आला की हात वर करा, नाही आला तर काही करू नका, घाई नाही. मी हो म्हनलो. मनापासनं हो म्हनलो! देवाची शपथ आठवत हुती, पोरीच्या लाल मुठी आठवत हुत्या.

पन तुमास्नी सांगतो, पांढरा कोट दिसला की माझी छाती आपोआप पाच सेंटिमीटर फुगती. त्याला मी काय करू? पाठ ताठ झाली, हनुवटी वर, आन डोळ्याच्या कोपऱ्यातनं मॅडमचा उजवा खांदा दिसायला लागला. मॅडम बटन दाबायच्या तवा खांदा सुताभर खाली जायचा. बास! खांदा खाली, हात वर. खांदा खाली, हात वर. आवाज? कसला आवाज? मला माझ्या पोटातला चहा बी ऐकू येत न्हवता. मनात एक लाला म्हनतोय, आरं हात खाली ठेव, पोर येनार न्हाई सुट्टीला. आन दुसरा लाला, अठरा वर्सांचा, केळी खाल्ल्याला, त्यो म्हनतोय, आला, आला, खांदा हलला, उचल! डावा कान झाला, उजवा झाला. एकबी खांदा मी सोडला न्हाई.

मॅडमनी कागद बगितला, माझ्याकडं बगितलं, परत कागद बगितला, आन म्हनल्या, काका, कागदावर तर सगळं नॉर्मल आहे, जरा बाहेर बसा, मी परत बोलावते. नॉर्मल! आवं, मी खुर्चीतनं उठून कडक सलूट ठोकला! एकसष्ट वर्सांचं वय, तीस वर्सांची तोफ, आन कान नॉर्मल! मेडिकलला आपन कवा नापास न्हाई! दार उघडून असा भायेर आलो, जसा काय भरतीच्या ग्राउंडावरनं पयला नंबर काढून आलोय, आन अंजनाला म्हनलो, पास.

अंजनाचं त्वांड बगितलं आन मग डोस्क्यात उजेड पडला, की आपन काय करून बसलोय.

ती भांडली न्हाई. भांडली असती तर मला सवय हाय. ती बाकड्यावर बसली, माझ्याकडं पाठ केली, आन भिंतीकडं बगून काय तरी बोलली. तिचा मागनं नुसता आंबाडा हलताना दिसला. मी मान हलवली. ती वळली, डोळे भरल्याले, आन म्हनली, “काय म्हनले मी?”

मला सांगता येईना.

ती म्हनली, “मी म्हनले, चाळीस वर्सं मी तुमच्या पाठीशी बोलतीया. आता नातीनं बी तुमच्या पाठीशीच बोलायचं का?”

लोक बगत हुती. बनुबाई बी बगत हुती. मला तितल्या तितं रडू आलं, आन मी खोटं सांगत न्हाई, मी रडलो. मिशा भिजल्या. मग उठलो, बूट वाजवत आत गेलो, मॅडमच्या टेबलापुढं सावधानमधी हुभा ऱ्हायलो आन म्हनलो, मॅडम, मी कॉपी केली.

शरयू मॅडम हसल्या न्हाईत. म्हनल्या, काका, मला शंका होतीच, इतका छान कागद लहान बाळाचाही येत नाही, म्हणूनच तर थांबवलं होतं. मग इचारलं, पन कॉपी केलीत कुठून? मी खांद्याचं सांगितलं. त्यांनी आपला खांदा हात लावून बगितला. तवा मातुर हसल्या.

मग म्हनल्या, दुसरी तपासणी आहे, डोक्याला वायरी लावतात, कानात आवाज सोडतात, आन मेंदूला ऐकू येतंय का ते मशीन आपलं आपन बगतं, त्यात तुम्ही काहीच करायचं नाही, झोपायचं. मी म्हनलो, हात? नाही. डोळे? मिटायचे. थोडं तरी काय तरी? “काका, काहीच नाही. तुम्ही फक्त झोपा.” आयुष्यात पयल्यांदा अशी मेडिकल बगितली जिच्यात शिपायाला कामच न्हाई. पडल्या-पडल्या छाती फुगवली, तर मॅडम म्हनल्या छाती कशाला, कान तपासतोय. शेवटाला दमून खरंच झोप लागली. घोरलो बी म्हनं. त्या घोरन्याचा आवाज मशीनला आला, मला न्हाई.

निकाल? छेचाळीस टक्के! आता माझं टाळकं कसं चालतं बगा. मॅडम गंभीर होऊन सांगत्यात, काका, हा बराच मोठा दोष आहे, वीस वर्सांपूर्वी यायला हवं होतं, आन मी इचारतोय काय, तर पासिंग कितीला? त्या म्हनल्या, चाळीसच्या पुढं फायदे मिळतात. म्हंजे सहानं जास्त! अंजनाला म्हनलो, ज्ञानूला किती पडले असत्याल गं? तिनं मला कोपरानं ढोसलं.

पुढं दाखला झाला, पिवळ्या पट्ट्याचं कार्ड आलं, पलूसच्या शिबिरात कानाचं मशीन मिळालं. ह्यात दिवाळी गेली. दिवाळी पोरीवाचून गेली, घरात एक फटाकडा वाजला न्हाई, आन वाजला असता तरी मला काय कळलं असतं. मशीन लावून पयल्यांदा गावात गेलो तर थेट पंचायतीपुढं, कारन तितंच तोंड काळं केलतं. जयराजनं फळ्यावरचा आकडा पुसला आन माझ्या देखत लिवला, पंच्याहत्तर. मी म्हनलो, त्र्याहत्तर पायजे, मी एकटाच हाय. त्यो म्हनला, न्हाई सुभेदार, तुमचं कळल्यावर आनखी दोन फौजी आले, दोघं बी तोफखान्यातलेच. म्हंजे ज्यो आकडा मी खाली आननार हुतो त्यो माझ्या पायी तिनानं वर गेला! कट्ट्यावर ज्ञानू बसला हुता. त्याची माफी मागायची म्हनून मी घरनं चार वाक्यं पाठ करून गेल्तो. त्यानं पयल्याच वाक्याला हात हलवला आन जरा सरकून मला जागा केली. म्हनला, बस, आता दोघांत मिळून एक मानूस पुरा हाय, डोळे तुजे, कान माझे.

आन मग मे महिन्यात संयोगिता आली. आई सोडून गेली, बिनघोर. पोरगी धिटुकली हाय हो! पयल्या सकाळीच मला कट्ट्यावर बसवलं, तोंड अंगणाकडं करायला लावलं, म्हनली, आजोबा, मी तुमची टेस्ट घेणार, मी मागून हळू बोलणार, ऐकू आलं की हात वर. मी मशीन लावून बसलो. आता मागं तिची सावली पडती ना अंगणात, सकाळच्या उन्हात! सावलीची मान हलली, हात वर. मान हलली, हात वर. दहापैकी दहा! मी मिशीला पीळ दिला, आन तेवढ्यात ती पोर हळूच म्होरं आली आन तिनं मूठ उघडली. मुठीत मशीनचा सेल. सकाळी मी तोंड धूत हुतो तवाच काढून घेतल्याला!

कसं वाटलं असंल मला? पेपर घडी करून झाला का बाजार इचारलं हुतं ना, तस्सं.

ती रडली न्हाई, रागावली न्हाई. कंबरंवर हात ठेवून माझ्या तोंडासमोर हुभी ऱ्हायली आन सावकाश, मला कळंल असं म्हनली, “आजोबा, तुम्ही खोटं पास झालात तर मला कसं कळणार, की मी मोठ्यानं हाक मारायची?”

सात वर्सांच्या पोरीनं इचारलं हे. फौजेत एवढे डॉक्टर झाले, कर्नल झाले, एकानं बी हे मला इचारलं न्हाई. मी सेल घेतला, मशीनमधी घातला, आन शब्द दिला, की आता डोळे मिटून बसनार.

तवापासनं ही ड्युटीच झालीया. रोज सकाळी, चहाच्या आधी, कट्ट्यावर, डोळे मिटून मेडिकल. ऐकू आलं तर हात वर, न्हाई आलं तर खाली, आन जे न्हाई आलं ते ती म्होरं येऊन परत सांगती, लय काय न्हाई, आजोबा चहा झाला, आजोबा मांजर आलं, असलंच. पयल्या दिशी दहापैकी दोन. परवा तीन. काल चार, आन पोर टाळ्या वाजवत आजीला सांगायला पळाली, आजोबा खरे-खरे चार!

...पन तुमास्नी म्हनून सांगतो, तिच्या कानावर जाऊ देऊ नका. त्या चारातला एक मी अंदाजानंच हानलाय.